एकाग्रतेची व्यवस्था : महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीपासून घ्यावयाचा धडा

२२ सप्टेंबर १९६६ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात तत्कालीन राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रकाशन झाले. या कार्याचा आरंभ १ एप्रिल १९१९ रोजी झाला होता. म्हणजे एका ग्रंथाचा विश्वसनीय पाठ सिद्ध करण्यासाठी सत्तेचाळीस वर्षे लागली. १,२५९ हस्तलिखिते त्यासाठी तपासण्यात आली. त्यातून निघालेले १९ खंड तेरा हजारांहून अधिक पृष्ठांचे आहेत. या अवधीत दुसरे महायुद्ध होऊन गेले, देश स्वतंत्र झाला, १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि १९६१ साली पानशेतच्या पुराने पुणे शहर हादरले. ज्यांनी काम आरंभिले त्यांपैकी अनेकजण ते पूर्ण झालेले पाहण्यास हयात नव्हते. तरीही काम थांबले नाही आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ते भरकटलेही नाही.

हे कसे साध्य झाले, हा प्रश्न केवळ संस्कृतच्या अभ्यासकांपुरता नाही. जिल्हा परिषदेतील अधिकारी, वर्गावर जाणारा शिक्षक आणि ग्रामपंचायतीचा सदस्य या तिघांनाही तो लागू आहे. त्यांच्यापुढे कामांची उणीव नसते, आणि बहुधा इच्छेचीही नसते. हाती घेतलेल्या एका कामावर मन आणि वेळ टिकवून धरणे मात्र दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे. एक नस्ती उघडावी तोच दूरध्वनी वाजतो. तो ठेवावा तोच भ्रमणध्वनीवर वरिष्ठांचा संदेश येतो, आणि त्याचे उत्तर लिहीत असता दाराशी कोणीतरी उभे असते. सायंकाळी दिवसभर श्रम झाल्याचे जाणवते, पण अमुक एक गोष्ट पूर्ण झाली असे सांगता येत नाही.

अशा वेळी एकाग्रता ही काही थोर पुरुषांना लाभलेली जन्मजात देणगी आहे, अशी समजूत करून घेण्याकडे कल असतो. महाभारताच्या आवृत्तीचा इतिहास या समजुतीला दुजोरा देत नाही. तेथे एकाग्रता ही बुद्धिपूर्वक उभारलेली व्यवस्था होती. तिची रचना समजून घेतली तर ती अन्यत्रही उभी करता येईल.

लक्ष म्हणजे निवड

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात लक्ष या क्रियेचे मर्म सांगितले आहे. एखाद्या गोष्टीकडे लक्ष देणे म्हणजे इतर काही गोष्टींकडून ते काढून घेणे होय, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. योगशास्त्रात चित्त एका स्थानी बांधण्याच्या क्रियेस धारणा असे नाव आहे. ही पायरी तेथेही ध्यानाच्या आधी येते. चित्ताला बांधावे लागते, ते आपोआप बसत नाही, हे दोन्ही परंपरांनी ओळखले होते.

अलीकडच्या अभ्यासांनी यात एका उपयुक्त तपशिलाची भर घातली आहे. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली असे दाखवून दिले की, एक काम अर्धवट सोडून माणूस दुसऱ्या कामाकडे वळला तरी त्याच्या लक्षाचा काही अंश पहिल्या कामातच गुंतून राहतो, आणि त्यामुळे दुसरे काम मनाजोगे होत नाही. शरीराने जागा बदलली तरी मन मागे रेंगाळते, असा हा प्रकार आहे. पुढे २०११ साली ई. जे. मासिकाम्पो आणि रॉय बाउमायस्टर यांनी आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली. अपुरे राहिलेले काम मनात पुन्हा पुन्हा डोकावते हे खरे; परंतु ते केव्हा आणि कसे करावयाचे याची नेमकी योजना करून ठेवली, तर ते काम प्रत्यक्ष पूर्ण झालेले नसतानाही हा त्रास ओसरतो.

म्हणजे व्यत्यय आणणारा विचार दाबून टाकण्याची गरज नाही. त्याला दुसरीकडे पक्की जागा करून दिली की तो हातातल्या कामातून दूर होतो. हा सिद्धान्त प्रयोगशाळेत मांडला जाण्याच्या कितीतरी वर्षे आधी पुण्यातील शास्त्रीमंडळी तो कागदाच्या रकान्यांत प्रत्यक्ष वापरीत होती.

ध्येयाची मर्यादा

महाभारताची चिकित्सक आवृत्ती असावी ही कल्पना प्रथम युरोपात पुढे आली. १८९७ साली पॅरिस येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत मॉरिझ विंटरनित्झ यांनी तिचा आग्रह धरला. १९०८ साली हाइनरिश लूडर्स यांनी तिचा एक लहानसा नमुनाही तयार केला. परंतु १९१४ साली पेटलेल्या महायुद्धामुळे तो प्रयत्न मागे पडला. इकडे १९१७ साली पुण्यात भांडारकर संस्थेची स्थापना झाली आणि दोनच वर्षांनी तिने हे कार्य शिरावर घेतले. औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यास उदार हस्ते साहाय्य केले.

पहिली काही वर्षे चाचपडण्यात गेली. १९२३ साली ना. बा. उटगीकर यांनी विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती सिद्ध केली आणि ती अभिप्रायार्थ विद्वानांकडे पाठविण्यात आली. १९२५ साली विष्णु सीताराम सुखटणकर यांनी प्रमुख संपादकाची सूत्रे हाती घेतली. सुखटणकर मूळचे गणिताचे विद्यार्थी होते. केंब्रिज येथे गणिताचे अध्ययन करून ते बर्लिनला गेले आणि तेथे लूडर्स यांच्या हाताखाली त्यांनी संस्कृत संशोधनाचे शिक्षण घेतले. या कामात त्यांची गणिती शिस्त पदोपदी दिसते.

महाभारत हा असा ग्रंथ आहे की, त्याला हात लावताच शंभर प्रश्न उभे राहतात. युद्ध खरोखर झाले काय आणि केव्हा? व्यास ही एक व्यक्ती की परंपरा? गीता आरंभापासून ग्रंथात होती काय? यांतील प्रत्येक प्रश्न एका विद्वानाचे आयुष्य व्यापून टाकण्याइतका मोठा आहे, आणि प्रत्येकाचे आकर्षणही तितकेच प्रबळ आहे. सुखटणकरांनी आपल्या कामाची कक्षा अतिशय काटेकोर आखून घेतली. व्यासांनी रचलेले मूळ महाभारत शोधून काढण्याची प्रतिज्ञा त्यांनी केली नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितके जाऊन, त्या सर्वांच्या मुळाशी असलेला जुन्यात जुना पाठ सिद्ध करावयाचा, एवढेच त्यांनी ठरविले.

वरवर पाहता ध्येय लहान करणे ही माघार वाटेल. वस्तुतः त्यामुळेच काम पार पडले. काय करावयाचे हे जसे स्पष्ट झाले, तसे काय करावयाचे नाही हेही स्पष्ट झाले. ग्रंथाच्या अर्थाविषयी सुखटणकरांना आस्था नव्हती असे मुळीच नाही. त्यावर त्यांनी स्वतंत्र लेख लिहिले, आणि १९४२ साली मुंबई विद्यापीठाच्या विद्यमाने महाभारताच्या अर्थावर व्याख्यानमालाही सुरू केली. चार व्याख्यानांपैकी तीन झाली. चौथे देण्यापूर्वीच २१ जानेवारी १९४३ रोजी त्यांचा अंत झाला. अर्थाचा विचार त्यांनी सोडला नव्हता. पाठनिर्णयात मात्र त्यांनी तो मिसळू दिला नाही. जे व्याख्यानाचे होते ते त्यांनी व्याख्यानासाठी राखून ठेवले.

चार इंचांचा रकाना

या कामाची रोजची रीत पाहिली म्हणजे एकाग्रतेची व्यवस्था कशी असते याची कल्पना येते. प्रत पडताळण्यासाठी आडव्या-उभ्या रेघांनी आखलेले फुलस्केप आकाराचे कागद तयार केलेले असत. शके १७९९ मध्ये मुंबईस छापलेल्या गणपत कृष्णाजी यांच्या प्रतीतील एक श्लोक कागदाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिला जाई. खाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एकेक ओळ राखलेली असे. त्या हस्तलिखितात जेथे पाठभेद असेल तेथे तो अक्षरशः, म्हणजे अक्षरागणिक, वरच्या अक्षराच्या बरोबर खाली त्याच्या घरात भरला जाई. एका कागदावर एकच श्लोक असे.

कागदाच्या उजव्या बाजूस चार इंच रुंदीचा एक रकाना मोकळा ठेवलेला असे. हस्तलिखितात कोणी दुरुस्ती केलेली असेल, समासात काही लिहिलेले असेल, किंवा श्लोकाच्या मागेपुढे एखादा जादा श्लोक आढळला असेल, तर त्याची नोंद या रकान्यात होई. जादा मजकूर फार लांब असेल तर तो वेगळ्या कागदावर लिहून जोडीत. त्या कागदास शोधपत्र असे म्हणत. एका व्यक्तीने केलेली नोंद संपादकाच्या हाती जाण्यापूर्वी दुसऱ्या व्यक्तीकडून तपासली जाई.

या साध्या कागदाची योग्यता मोठी आहे. प्रत पडताळणारा शास्त्री एखाद्या विलक्षण आख्यानाशी येऊन थबकला तर त्याने काय करावे, याचे उत्तर कागदानेच आधी देऊन ठेवलेले होते. आख्यान शोधपत्रावर उतरावयाचे, कागद जोडावयाचा आणि पुढच्या अक्षराकडे वळावयाचे. त्याच्या खरेखोटेपणाचा विचार त्या क्षणी करावयाचा नव्हता, आणि ते विसरले जाईल अशी भीती बाळगण्याचेही कारण नव्हते. दर वेळी मनाला आवर घालण्याचे कष्ट त्याला पडत नसत, कारण ते काम रकान्याने आपल्याकडे घेतले होते.

याच व्यवस्थेमुळे काम एका गावापुरते राहिले नाही. शांतिनिकेतन येथील विश्वभारतीत आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही प्रती पडताळल्या गेल्या. लिपी वेगळी असो वा प्रांत वेगळा असो, सर्वांची रीत एक होती.

संख्या आणि महत्त्व

आदिपर्वाच्या एकूण २३५ हस्तलिखितांची माहिती त्या वेळी उपलब्ध होती. त्यांत देवनागरीतील १०७, बंगालीतील ३२, ग्रंथ लिपीतील ३१, तेलुगूतील २८ आणि मलयाळममधील २६ प्रती होत्या. काश्मीरच्या शारदा लिपीतील प्रती अवघ्या तीन होत्या. हाताशी असलेल्या प्रती जास्तीत जास्त वापरून मोकळे होणे सोयीचे ठरले असते. सुखटणकरांनी तसे केले नाही. देवनागरी प्रतींत निरनिराळ्या परंपरांची सरमिसळ झाली आहे, म्हणून त्यांची संख्या मोठी असली तरी तिच्यावर निर्णय सोपविता येत नाही. उलट शारदा परंपरा संख्येने अल्प असूनही अधिक शुद्ध राहिली आहे, असे त्यांना दिसून आले. सुमारे सत्तर प्रती पूर्णतः वा अंशतः पडताळून त्यांतील साठ प्रतींचे पाठभेद त्यांनी आवृत्तीत दिले.

टेबलावर ज्या विषयाचे कागद अधिक तो विषय अधिक महत्त्वाचा, असे नसते. जो संदेश वारंवार येतो तो निकडीचा असतोच असे नाही. एखाद्या गावात वर्षभर एकही अर्ज न आलेला प्रश्न सर्वांत गंभीर असू शकतो. काय मोजावयाचे हे ठरविल्याखेरीज केवळ गर्दीकडे पाहून प्राधान्य ठरविणे ही विचलित होण्याचीच एक रीत आहे.

प्रिय गोष्टींचा प्रश्न

नावडत्या गोष्टी बाजूला ठेवणे सोपे असते. कसोटी लागते ती आवडत्या गोष्टींच्या बाबतीत. श्रीगणेशांनी व्यासांचे लेखक होऊन महाभारत लिहून घेतले, ही कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. परंतु जुन्या आणि परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या हस्तलिखितांचा तिला पुरेसा आधार मिळेना. संशोधित पाठात तिला स्थान मिळाले नाही. ती आदिपर्वाच्या परिशिष्टात गेली. सभापर्वाचे संपादन अमेरिकन संस्कृतज्ञ फ्रँकलिन एजर्टन यांनी केले आणि ते १९४४ साली प्रसिद्ध झाले. वस्त्रहरणाच्या प्रसंगी द्रौपदी श्रीकृष्णाचा धावा करते हा भाग त्यांनाही मूळ पाठात घेता आला नाही. कोट्यवधी लोकांच्या श्रद्धेचा आणि कितीएक कीर्तनांचा आधार असलेला हा प्रसंग आहे. भावनेला किंवा टीकेच्या भयाला येथे वाट मिळाली असती, तर पुढच्या प्रत्येक श्लोकाच्या वेळी तीच वाट मोकळी राहिली असती.

तथापि वगळलेले काहीही नष्ट करण्यात आले नाही. लहान जादा भाग तळटीपांत आणि मोठे भाग परिशिष्टांत क्रमांक देऊन छापले गेले. गणेशाची कथा ज्याला हवी असेल त्याला ती या आवृत्तीतच, कोणत्या प्रतींत आढळते याच्या नोंदीसह मिळते. जेथे संपादकाला स्वतःच्या निर्णयाची पूर्ण खात्री नव्हती तेथे शब्दांखाली नागमोडी रेघ दिलेली आहे. खात्री होईपर्यंत काम अडवून ठेवले नाही आणि शंका लपवूनही ठेवली नाही.

या पद्धतीवर टीका झालीच नाही असे नाही. फ्रान्समधील सिल्व्हाँ लेव्ही आणि पुढे मादलेन बियार्दो यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिच्याविषयी मतभेद नोंदविले. ज्या स्वरूपात लोकांनी महाभारत ऐकले आणि जपले तेही मोलाचे आहे, हा विचार दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु सर्व साधनसामग्री परिशिष्टांसह वाचकापुढे ठेवलेली असल्यामुळे टीकाकारालाही आपले म्हणणे याच ग्रंथाच्या आधारे मांडता येते. शिकागो विद्यापीठाने १९७३ पासून प्रसिद्ध केलेला इंग्रजी अनुवाद, तसेच बिबेक देबरॉय यांनी २०१० ते २०१४ या काळात दहा खंडांत प्रसिद्ध केलेला अनुवाद, हे दोन्ही याच आवृत्तीवर आधारलेले आहेत.

व्यक्ती जाते, व्यवस्था राहते

सुखटणकरांच्या हातून आदिपर्व १९३३ साली आणि आरण्यकपर्व १९४२ साली पूर्ण झाले. त्यांच्या निधनाच्या वेळी ग्रंथाचा फार मोठा भाग शिल्लक होता. श्री. कृ. बेलवलकर यांनी प्रमुख संपादकपद स्वीकारले आणि १९६१ पर्यंत सांभाळले, त्यानंतर प. ल. वैद्य यांनी कार्य शेवटास नेले. सुशीलकुमार डे, रघुवीर, रा. ना. दांडेकर यांसारख्या विद्वानांनी निरनिराळी पर्वे संपादित केली. प्रमुख बदलला की कामाची दिशाच बदलते, हा अनुभव सार्वजनिक जीवनात नवा नाही. येथे तसे झाले नाही, कारण एकाग्रता कोणा एकाच्या मनात साठविलेली नव्हती. ती नियमांत, आखलेल्या कागदांत आणि परस्पर तपासणीत उतरलेली होती.

कार्यालयातील गठ्ठे

महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांना ही कल्पना परकी वाटू नये. जिल्हा परिषदा आणि महसूल कार्यालये यांच्या परिचयाची सहा गठ्ठे पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. कार्यवाहीची प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे कागद अशी विभागणी केली म्हणजे टेबलावर फक्त आज हात घालावयाचे तेवढेच उरते. प्रतीक्षाधीन गठ्ठा हे त्या टेबलाचे परिशिष्ट होय. ज्या प्रकरणी अन्य कार्यालयाचे उत्तर यावयाचे आहे ते त्यात दिनांकासह ठेवले म्हणजे त्याची आठवण मनाने वागविण्याचे कारण उरत नाही. ही पद्धत अनेक ठिकाणी केवळ तपासणीच्या आदल्या आठवड्यात जिवंत होते. ती रोज पाळली गेली तरच तिचा लाभ होतो.

कागदांप्रमाणेच वेळेचेही गठ्ठे बांधता येतात. दिवसातील एखादा निश्चित काळ केवळ किचकट नस्तींच्या अभ्यासासाठी राखावा, आलेले संदेश ठराविक वेळी एकत्र पाहावेत आणि मध्येच सुचलेली कामे जवळच्या वहीत टिपून ठेवावीत. भेटीच्या वेळा दारावर स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात, आणि त्या वेळी अधिकारी जागेवर असावा.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दूर गावाहून एस.टी.ने आलेला वृद्ध निवृत्तिवेतनधारक हा व्यत्यय नव्हे. त्याच्यासाठीच कार्यालय आहे. एकाग्रतेच्या नावाखाली त्याला परत पाठविले तर तो तत्त्वाचा विपर्यास होईल. पूर, साथ, अपघात यांनाही वेळापत्रक लागू होत नाही. म्हणून एका कर्मचाऱ्याचे लक्ष राखावयाचे असेल तर त्या वेळी दाराशी येणाऱ्याची विचारपूस कोणी करावयाची, हे आधी ठरलेले असले पाहिजे. भांडारकर संस्थेतील शास्त्री निश्चिंतपणे अक्षरे पडताळू शकला, कारण त्याची नोंद तपासणारा दुसरा सहकारी नेमलेला होता.

वर्ग आणि शाळा

शाळेत एकाग्रतेचा उपदेश विद्यार्थ्याला केला जातो; तिची तजवीज मात्र मोठ्यांनी करावयाची असते. तास चालू असताना वर्गात येणारी सूचनावही, मध्येच मागविली जाणारी माहिती आणि शिक्षकाच्या खिशात वाजणारा भ्रमणध्वनी यांमुळे चाळीस मुलांचे लक्ष एकाच वेळी तुटते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ च्या कलम २७ ने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढी कर्तव्ये वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामास लावू नये असे म्हटले आहे. शिक्षकाचे मुख्य काम कोणते आणि परिशिष्ट कोणते, याची रेघ कायद्यानेच ओढली आहे. मुख्याध्यापकांनी सूचनांसाठी परिपाठाची किंवा शेवटच्या तासानंतरची वेळ ठरवून तास अखंड ठेवला, तर त्या रेघेला शाळेतही अर्थ येतो.

विद्यार्थ्यांनाही चार इंचांचा रकाना शिकविता येईल. वहीच्या उजव्या बाजूस समास सोडावा. धडा चालू असताना सुचलेला वेगळा प्रश्न मुलाने तेथे लिहावा आणि तास संपताना त्यांतील काही प्रश्न शिक्षकाने घ्यावेत. मुलाची जिज्ञासाही मरत नाही आणि धड्याचा धागाही तुटत नाही.

गावाचे एक वर्ष

संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय नमूद आहेत. कोणत्याही ग्रामपंचायतीने ते सर्व एकाच वर्षी सारख्याच जोमाने हाती घेतले तर थोडा निधी आणि थोडे मनुष्यबळ सर्वत्र विखुरले जाईल. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील हिवरे बाजार या अवर्षणप्रवण गावाने १९९० च्या दशकात दुसरा मार्ग पत्करला. सरपंच पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने पाणी हा आपल्या विकासाचा कणा मानला. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि मृद्‌संधारणाची कामे यांबरोबरच शेतीच्या सिंचनासाठी विंधनविहिरी घ्यावयाच्या नाहीत, ऊस व केळी यांसारखी पाणीखाऊ पिके घ्यावयाची नाहीत, असे निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतले. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून पिकांचा निर्णय होऊ लागला. पवार यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

हे निर्बंध म्हणजेच गावाची एकाग्रता होय. ऊस हे नगदी पीक आहे आणि शेतकऱ्याला ते प्रिय आहे. संपादकांपुढे गणेशकथेचा जो प्रश्न होता तोच गावापुढे उसाच्या रूपाने आला. एका शेतकऱ्यास सवलत दिली असती तर दुसऱ्यास नाकारता आली नसती.

प्रत्येक गावाचा कणा पाणीच असेल असे नाही. कोठे तो शाळेचा असेल, कोठे रस्त्याचा वा आरोग्याचा असेल. गाव विकास आराखडा तयार करताना वर्षाचे मुख्य काम एक किंवा दोन ठरवून, उरलेल्या मागण्या त्यांच्या अपेक्षित वर्षासह वेगळ्या यादीत नोंदवाव्यात आणि ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी. आपली मागणी फेकून दिलेली नाही, तिचा क्रमांक लागलेला आहे, हे कळले म्हणजे ग्रामस्थ धीर धरतात. सभेच्या विषयपत्रिकेत शेवटी आयत्या वेळचे विषय असे कलम असतेच. ते शेवटीच राहील एवढी दक्षता सरपंचाने घेतली, तरी पुष्कळ सभा मूळ विषयापर्यंत पोहोचतील.

उपसंहार

महाभारताच्या आवृत्तीने दिलेला धडा थोडक्यात असा सांगता येईल. ध्येयाची मर्यादा लेखी आखून घ्यावी. कामाचा लहानात लहान घटक ठरवावा आणि एका वेळी तो एकच हाती घ्यावा. मध्ये येणाऱ्या प्रत्येक गोष्टीसाठी आधीच जागा राखून ठेवावी, आणि त्या जागेकडे पुढे परत जावे. प्रिय गोष्टींनाही हाच नियम लावावा. शंका राहिली तर तेथे रेघ ओढून पुढे जावे. एकाचे काम दुसऱ्याने तपासावे, म्हणजे माणसे बदलली तरी दिशा बदलत नाही.

यासाठी नवीन यंत्रसामग्रीची आवश्यकता नाही आणि स्वतंत्र तरतुदीचीही नाही. ज्या संशोधकांनी हे कार्य केले त्यांच्याजवळ शाई, आखलेले कागद आणि उजव्या बाजूस सोडलेला चार इंचांचा रकाना होता. सत्तेचाळीस वर्षे त्यांनी तो रकाना इमानाने भरला आणि मुख्य ओळीत त्यातले काही शिरू दिले नाही. एखाद्या कार्यालयाला, शाळेला किंवा ग्रामपंचायतीला येत्या सोमवारपासून आरंभ करावयाचा असेल, तर तो एका वहीच्या पानावर अशी एक उभी रेघ ओढून करता येईल.